वेड तुझं, साथ माझी!

सोनईच्या पंचक्रोशीपासून इंग्लंडपर्यंत, दुसऱ्याच्या स्वप्नाला हात देणाऱ्यांच्या चौदा चटकदार गोष्टी

कुणाला कुस्तीचं वेड, कुणाला बियाण्यांचं, कुणाला चेंडू अडीच हात वळवायचं. वेड घेतलेल्या माणसांचे सत्कार होतात, त्यांच्यावर धडे छापले जातात. पण त्यांच्या गोष्टी जरा खरवडून पाहिल्या, की जवळच आणखी एक माणूस सापडतो. त्याचा स्वतःचा ओढा बहुतेकदा भलतीकडेच असतो. तरी तो घर गहाण टाकतो, दागिने काढून देतो, मांडी घालून लिहून घेतो, नाहीतर नुसतं 'जा, कर' म्हणतो. ही यादी त्या दुसऱ्या माणसांसाठी आहे. आधी आमची सोनई आणि नेवासे तालुका, मग नगर जिल्हा, मग बाकीची दुनिया!

१. सांगणारा एक, लिहिणारा दुसरा

सोनई ज्या तालुक्यात येते, त्या नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ती सांगितली असं परंपरा मानते, तो पैस खांब आजही तिथल्या मंदिरात उभा आहे. वारकरी त्याच्यापुढे माथा टेकतात.

नऊ हजारांच्या आसपास असलेल्या या ओव्या उतरवून घेतल्या कुणी? सच्चिदानंदबाबांनी. ग्रंथाच्या अखेरीस त्यांच्या लेखनाची आदरानं नोंद आहे. प्रतिभा ज्ञानेश्वरांची, लेखणी बाबांची. आमच्या तालुक्याच्या सगळ्यात मोठ्या कामाची सुरुवातच अशी दोघांनी मिळून झाली आहे.

२. उसाच्या गावाला पुस्तकांचा नाद

सोनई म्हटलं की बाहेरच्या माणसाला आठवतो मुळा सहकारी साखर कारखाना. हंगाम सुरू झाला की रस्त्यावर उसाच्या गाड्या आणि बोलण्यात टनेज, रिकव्हरी, पहिला हप्ता. याच सोनईचे यशवंतराव गडाख. सहकार, शिक्षणसंस्था, राजकारण, खासदारकी हे सगळं सांभाळून त्यांनी वाचण्या-लिहिण्याचा नाद सोडला नाही. 'अर्धविराम' हे त्यांचं आत्मकथन मराठी वाचकांना ठाऊक आहे.

१९९७ मध्ये नगरला ७० वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते कादंबरीकार ना. सं. इनामदार आणि स्वागताध्यक्ष गडाख. ज्याचा संसार उसावर चालतो त्याला साहित्य कशाला, या प्रश्नाचं उत्तर सोनईनं तेव्हाच देऊन टाकलं.

३. पाच-सहा किलोमीटरवर निराळीच रीत

सोनईत दुकानाला शटर, घराला कडी-कोयंडा. गाडीनं दहा-पंधरा मिनिटं गेलं की शनिशिंगणापूर. तिथे घरांना दारं आणि कुलपं न लावण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. २०११ मध्ये यूको बँकेनं या गावात शाखा उघडली, तीही बिनकुलपाची. बँकेसारख्या बँकेनं गावाच्या श्रद्धेसाठी आपली पद्धत वाकवली!

याच गावात आणखी एक इच्छा बराच काळ दाराबाहेर उभी होती. शनीच्या चौथऱ्यावर जाऊन दर्शन घ्यायची बायकांची इच्छा. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एप्रिल २०१६ मध्ये ती वाट मोकळी झाली. गावाच्या रीतीला मान मिळाला तसा या इच्छेलाही मिळायलाच हवा होता, आणि न्यायालयात जाण्याआधी मिळायला हवा होता.

४. सासऱ्यांनी सुनेला तोफा सांगितल्या

जिल्ह्याला आता ज्यांचं नाव आहे, त्या अहिल्यादेवी होळकर १७२५ मध्ये जामखेड तालुक्यातल्या चौंडीत जन्मल्या. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. अहिल्याबाई सती निघाल्या तेव्हा सासरे मल्हारराव आडवे आले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. वसूल, पत्रव्यवहार, फौजेची रसद असं सगळं त्यांनी सुनेच्या हाती सोपवत नेलं. १७६५ मधल्या एका पत्रात तर तोफखाना घेऊन ग्वाल्हेरीकडे जाण्याच्या सूचना सुनेला आहेत!

मल्हाररावांचा जन्म तलवारीवर गेला. सुनेचा ओढा होता प्रजेच्या व्यवस्थेकडे. त्यांनी तिला आपल्यासारखं व्हायला सांगितलं नाही, राज्य चालवायची सगळी हत्यारं मात्र दिली. पुढे महेश्वरी विणकरांचे माग आणि देशभरातले घाट-बारवा उभ्या राहिल्या, त्यामागे सासऱ्यांचं हे शिक्षण आहे.

५. जन्म ख्रिस्ती घरात, पडद्यावर कृष्ण आणि ज्ञानेश्वर

शाहू मोडक १९१८ मध्ये नगरला एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात जन्मले. १९३२ च्या 'श्यामसुंदर'मध्ये ते बाळकृष्ण झाले. हा चित्रपट मुंबईत एकाच थिएटरात पंचवीस आठवडे चालला. पुढे आयुष्यात तिसेक वेळा त्यांनी कृष्ण रंगवला. १९४० मध्ये प्रभातच्या दामले-फत्तेलालांनी 'संत ज्ञानेश्वर' काढला, तेव्हा ज्ञानेश्वर कोण? नगरचे शाहू मोडक!

ज्या जिल्ह्यात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मुलानं ज्ञानेश्वर साकारले आणि महाराष्ट्रानं ते डोक्यावर घेतले. इथे दुसरा माणूस म्हणजे थिएटरात बसलेला अख्खा प्रेक्षक.

६. धर्म दोन, संसार एक

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. बायकोला न विचारता. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. मग नवऱ्याकडे परतल्या, त्या धर्म न बदलता. नवरा ख्रिस्ती, बायको सोवळं-ओवळं सांभाळणारी आणि संसार नगर-राहुरीच्या परिसरात. त्या काळात! पुढे १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी ख्रिस्ती धर्म घेतला, तो स्वतः विचार करून, स्वतःच्या पावलांनी.

या गोष्टीचं दुसरं टोक आणखी मोठं आहे. लहानपणी शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंना टिळकांनी लिहा-वाचायला शिकवलं. टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरं होतं. ते पुरं करण्याचं काम लक्ष्मीबाईंनी उचललं. आणि १९३४ पासून त्यांची 'स्मृतिचित्रे' भागाभागानं प्रसिद्ध होऊ लागली. नवऱ्याच्या स्वप्नानं जिचा संसार एकदा मोडला होता, तिनंच ते स्वप्न शेवटाला नेलं आणि स्वतःचंही एक उभं केलं. मतभेद असूनही मान कसा ठेवावा, याचं इतकं लख्ख उदाहरण मराठीत दुसरं सापडायचं नाही.

७. एक किल्ला, बारा कैदी, बारा तऱ्हा

९ ऑगस्ट १९४२. आदल्या दिवशी 'छोडो भारत'चा ठराव झाला होता आणि पहाटेच काँग्रेसच्या नेत्यांची धरपकड सुरू झाली. कार्यकारिणीचे बारा जण नगरच्या भुईकोट किल्ल्यात आले. अडीच वर्षांहून जास्त काळ हेच चेहरे, हेच अंगण. आता पाहा कोण काय करत होतं.

जवाहरलाल नेहरूंनी एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहून काढलं. शिवाय बागकाम. वाफ्यांसाठी खणताना त्यांना जुन्या भिंती आणि घुमटांचे माथे लागले!

मौलाना आझाद पहाटे तीन-चारला उठून स्वतःच्या हातानं चहा करत. चिनी जातीचा, बिनदुधाचा. मग मित्राला पत्रं लिहीत, जी किल्ल्यातून टाकायची सोयच नव्हती. त्यात चहाचं कौतुक होतं आणि खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांच्या खोड्याही. त्याचंच पुढे 'गुबार-ए-खातिर' हे उर्दू गद्यातलं रत्न झालं.

आचार्य नरेंद्र देव 'अभिधर्मकोश' या बौद्ध ग्रंथाच्या हिंदी अनुवादात बुडालेले. हरेकृष्ण महताब ओडिशाचा इतिहास लिहीत होते. पट्टाभि सीतारामय्यांची नोंदवही 'फेदर्स अँड स्टोन्स' या नावानं पुस्तक झाली. आपले शंकरराव देवही याच बारांत.

कुणी ईश्वर मानणारा, कुणी न मानणारा. कुणाला इतिहास प्यारा, कुणाला माती. एवढ्या जवळ, एवढे दिवस राहायचं तर दुसऱ्याच्या तंद्रीला धक्का न लावणं ही गरजच होती, आणि त्यातून एका तुरुंगानं देशाला इतकी पुस्तकं दिली. नेहरूंनी आपलं पुस्तक किल्ल्यातल्या याच सोबत्यांना अर्पण केलं आहे.

८. इंजिनिअर पुष्कळ, वेगवान गोलंदाज हवा

झहीर खान श्रीरामपूरचा. जन्म १९७८. अभ्यासात बरा, म्हणून प्रवरानगरकडे इंजिनिअरिंगची वाट धरलेली. मध्यमवर्गीय घरात त्या काळी यापेक्षा मोठं सुख नव्हतं. तरी ती वाट सोडून मुंबईला जाऊन क्रिकेट खेळ, असं सांगणारे त्याचे वडीलच होते. देशात इंजिनिअर खूप आहेत, असा त्यांचा साधा हिशेब होता.

पुढचा हिशेब जगाला माहीत आहे. ९२ कसोटी, ३११ बळी. २०११ च्या विश्वचषकात २१ बळी, शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीनं स्पर्धेत सर्वाधिक. नगर जिल्ह्यात आजही बारावीच्या निकालानंतर घराघरांत बैठका बसतात. त्या बैठकांत या वडिलांची आठवण निघावी.

९. बॅट बाजूला, गाव पुढे

हिवरे बाजारचे पोपटराव पवार एम.कॉम. झालेले आणि उत्तम क्रिकेटपटू. पोरानं खेळात नाव काढावं, अशी घरच्यांची आस. पण दुष्काळानं आणि दारूनं खंगलेलं गाव म्हणालं, तू सरपंच हो. एवढा शिकलेला दुसरा कोण आहे?

इथे दोन स्वप्नं आमनेसामने आली. पोपटरावांनी गावाचं निवडलं आणि घरच्यांना आपली आस बाजूला ठेवावी लागली. पाणलोटाची कामं, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, बोअरचं पाणी शेतीला न वापरण्याचा नियम. गाव हिरवं झालं. २०२० च्या पद्म यादीत पोपटरावांचं नाव आलं. आई-बापानं पाहिलेलं स्वप्न मुलानं नाकारलं, तरी तो वाया जात नाही, हे हिवरे बाजारात डोळ्यांनी पाहता येतं.

१०. बियाण्यांपुढे शास्त्रज्ञ बसले

त्याच २०२० च्या यादीत आणखी एक नगरी नाव: राहीबाई पोपेरे. अकोले तालुक्यातलं कोंभाळणे. शाळा नाही, पण वालाच्या, भाताच्या, भाजीपाल्याच्या गावरान वाणांची खडान्‌खडा माहिती. सगळं गाव संकरित बियाण्यांकडे वळलेलं असताना राहीबाई राखेत, मडक्यात, गाडग्यात जुनं बी जपत होत्या. लोकांना त्याचा उपयोग कळत नव्हता.

बायफ संस्थेची माणसं आली ती शिकवण्याच्या पवित्र्यात बसली नाहीत. त्यांनी राहीबाईंकडून ऐकून घेतलं, बियाणे कोषाला रूप दिलं. डॉ. रघुनाथ माशेलकरांनी त्यांना 'बीजमाता' म्हटलं. २०१८ मध्ये बीबीसीच्या जगभरातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत कोंभाळण्याचं नाव पोचलं. पदवीधर माणूस न शिकलेल्या माणसापुढे ऐकायला बसतो, तेव्हा असं घडतं.

११. शेत विकून सिनेमा

श्रीगोंदा तालुक्यातल्या भाऊराव कऱ्हाडे यांनी 'ख्वाडा' चित्रपटासाठी शेतजमीन विकली. धनगराच्या भटकंतीची ही गोष्ट. ६२ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तिला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. शेतकऱ्याच्या घरात जमीन विकायचा विषय नुसता निघाला तरी जेवण राहतं. ती विकून सिनेमा काढणाऱ्याला घर सोबत ठेवतं, ही त्या चित्रपटाइतकीच मोठी गोष्ट.

जोडीला एक नगरी माहिती: नागराज मंजुळे सिनेमा शिकले ते नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात. राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा त्यांचा 'पिस्तुल्या' हा लघुपट याच शिक्षणातून आला. करमाळ्याकडच्या पोराला कॅमेरा हाती देणारं कॉलेज आपल्या जिल्ह्यात आहे, याचा अभिमान धरावा.

१२. प्राचार्यांनी घर गहाण टाकलं

१९५२ चं हेलसिंकी ऑलिंपिक. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा पैलवान खाशाबा जाधव याला जायचं होतं, पण पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर हे ग्रंथांत रमणारे गृहस्थ. त्यांनी या विद्यार्थ्यासाठी आपलं घर सात हजार रुपयांना गहाण टाकलं.

खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक! कऱ्हाड स्टेशनावर त्यांच्या स्वागताला दीडशेवर बैलगाड्या आल्या होत्या, असं सांगतात. दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी देशाला १९९६ मधल्या लिअँडर पेसपर्यंत, म्हणजे ४४ वर्षं थांबावं लागलं. खाशाबांनी पुढे गावोगाव कुस्त्या करून पैसे जमवले आणि प्राचार्यांचं घर सोडवलं. पाठबळ देणारा थोर आणि घेणाराही तितकाच थोर.

१३. सरस्वतीबाईंनी फिल्मला भोकं पाडली

धुंडिराज गोविंद फाळके यांनी छापखान्याचा चालता धंदा सोडला आणि 'हलती चित्रं' काढायचं ठरवलं. चाळिशी उलटलेला गृहस्थ, घरात लहान मुलं. नातेवाइकांना हे वेडाचं लक्षण वाटलं. सरस्वतीबाईंनी मात्र अंगावरचे दागिने दिले.

त्या काळी कोऱ्या फिल्मच्या कडेला भोकं पाडून घ्यावी लागत. ते काम रात्री अंधारात सरस्वतीबाई करत. चित्रीकरणात उन्हाचा उजेड परतवण्यासाठी पांढरी चादर धरून उभ्या राहत. वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत झळकला. भारतीय सिनेमाच्या जनकाचं नाव आपण घेतो, त्या नावाशेजारी हे दुसरं नाव मुलांना पाठ करून द्यावं.

१४. मामा असावा तर असा!

आता थेट इंग्लंड, १८३१. बावीस वर्षांचा चार्ल्स डार्विन. डॉक्टरकी अर्धवट सोडलेली, धर्मोपदेशक व्हायचं ठरलेलं, मन मात्र किडे पकडण्यात. अशात 'बीगल' जहाजावरून जगप्रवासाचं बोलावणं आलं. वडील डॉक्टर रॉबर्ट डार्विन म्हणाले, खुळी कल्पना. पण एक फट ठेवली: शहाण्या माणसांपैकी एकानं जरी 'जा' म्हटलं, तर माझी हरकत नाही.

चार्ल्सनं नकार कळवून टाकला आणि शिकारीला मामाकडे गेला. मामा जोसाया वेजवुड, चिनी मातीच्या भांड्यांचे कारखानदार. जीवशास्त्राशी त्यांचा धंद्यापुरताही संबंध नव्हता. त्यांनी भाच्याला सांगितलं, वडिलांचे आक्षेप लिहून दे. निघाले आठ. मामांनी आठही आक्षेपांना एकेक करून उत्तर लिहिलं, पत्र धाडलं आणि दुसऱ्या दिवशी भाच्याला घेऊन स्वतः वडिलांच्या दारात उभे राहिले. वडील विरघळले, खर्चही उचलला.

पाच वर्षांच्या त्या प्रवासातून उत्क्रांतीचा सिद्धांत उगवला. लक्षात घ्या, वडील दुष्ट नव्हते. पोराच्या भवितव्याची काळजी खरी होती. त्यांनी आक्षेप उघड सांगितले, उत्तर ऐकलं आणि मत बदललं. आदर देण्याची हीही एक रीत.

झटपट तीन

• सचिन तेंडुलकरचे वडील रमेश तेंडुलकर हे मराठीचे प्राध्यापक आणि कवी. मुलाचं नाव ठेवलं संगीतकार सचिनदेव बर्मन यांच्यावरून. मुलानं धरली बॅट. कवीनं ती हिसकावली नाही. भाऊ अजितनं रमाकांत आचरेकरांकडे नेलं आणि काका-काकूंनी शिवाजी पार्कजवळच्या आपल्या घरी ठेवून घेतलं.

• पुण्यातले दिनकर केळकर चष्म्याचं दुकान चालवत आणि 'अज्ञातवासी' नावानं कविता लिहीत. त्यांना जुने दिवे, अडकित्ते, दौती जमवायचा छंद. पत्नी कमलाबाईंनी तो आपला मानला. वीस हजारांच्या आसपास वस्तूंचं ते संग्रहालय त्यांच्या लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं आहे.

• नेमबाज स्वप्नील कुसळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा. वडील शिक्षक. मुलाच्या काडतुसांसाठी त्यांनी कर्ज काढलं. २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक!

संशोधन काय सांगतं?

आनंदाची बातमी ही कसोटी. मानसशास्त्रज्ञ शेली गेबल आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आपला माणूस चांगली बातमी घेऊन येतो तेव्हा आपण कसं वागतो, यावर नातं किती घट्ट होतं ते बरंच अवलंबून असतं. समजा लेक धावत आली, "आई, एकांकिकेत माझी निवड झाली!" यावर चार उत्तरं संभवतात. "अगं वा! कुठली भूमिका? सांग सगळं." किंवा "छान. हातपाय धू." किंवा "यंदा दहावी आहे, अभ्यास कोण करणार?" किंवा "बाजारातून कोथिंबीर आणलीस का?" जवळीक वाढते ती पहिल्या उत्तरानं.

आवड ठरीव नसते. पॉल ओकीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांनी २०१८ मध्ये दाखवलं, की माणसाची आवड जन्मजात आणि पक्की असते असं मानणाऱ्यांना आपल्या विषयाबाहेरच्या गोष्टींत रस कमी वाटतो. आवड हळूहळू घडते असं मानणारे इतर विषयांकडेही उघड्या मनानं पाहतात. म्हणजे 'मला त्यातलं काही कळत नाही' हे वाक्य जितक्या वेळा म्हणू, तितकं ते खरं होत जाणार!

कुणाच्या मनातलं शिल्प? १९९९ मध्ये स्टीफन ड्रिगोटस, कॅरिल रझबल्ट आणि सहकाऱ्यांनी जोडप्यांचा अभ्यास केला. जोडीदाराला स्वतः जसं व्हायचं आहे तसं होण्यात मदत करणाऱ्यांची नाती जास्त सुखाची होती. याला त्यांनी मूर्तिकार मायकेलअँजेलोचं नाव दिलं. पुढच्या अभ्यासांत उलट बाजूही दिसली: जोडीदाराला आपल्या मनातल्या साच्यात बसवायला गेलं की नातं कुरतडलं जातं.

घरात, पारावर, शाळेत करून पाहा

१. 'याचा उपयोग काय?' हा प्रश्न ओठांवर आला की गिळा. त्याऐवजी 'हे कसं करतात, दाखव ना' म्हणा.

२. पाहुण्यांसमोर कुणाच्या नादाची टिंगल नको. 'आमचा हा दिवसभर नुसती पाखरं बघत फिरतो' या वाक्यानं पाखरं बघणारा गप्प होतो आणि मग घरात बोलायचाच थांबतो.

३. पैशाची, सुरक्षिततेची, शिक्षणाची काळजी वाटते? जरूर वाटावी. ती कागदावर लिहा, मुद्दे पाडा, समोरच्याला उत्तराची संधी द्या. आठ आक्षेप असले तरी चालतील.

४. जागा द्या. कपाटाचा एक कप्पा, अंगणातला एक कोपरा, आठवड्यातली एक संध्याकाळ. एवढ्यातही बियाण्यांचा डबा मावतो, तबला मावतो, दुर्बीणही मावते.

५. एकदा तरी प्रेक्षकांत जाऊन बसा. बायकोच्या भजनी मंडळाचा कार्यक्रम, भावाचा हगामा, पुतणीची विज्ञान प्रदर्शनातली मांडणी. तासभर मोबाईल खिशात.

६. स्वप्न बदललं तर टोमणा मारू नका. क्रिकेट सोडून सरपंच झालेला माणूसही गाव हिरवं करतो.

७. आपलं वेड लपवू नका. बापानं स्वतःची जुनी बासरी काढली, आजीनं तिच्या ओव्या म्हटल्या, की नातवंडांनाही आपलं सांगायला धीर येतो.

या यादीतल्या बहुतेकांना समोरच्याचं वेड आधी स्वतःला लागलेलं नव्हतं. प्राचार्य आखाड्यात उतरले नाहीत, मामांनी किडे गोळा केले नाहीत. समोरच्याचा ध्यास खरा आहे, एवढं त्यांनी ओळखलं आणि आपल्याकडे जे होतं ते पुढे केलं: घर, दागिने, पत्र, अक्षर. सोनईत आज कुणी शेतात ड्रोन उडवतोय, कुणी एमपीएससीचा नाद सोडून बेकरी काढू म्हणतेय, कुणी साठीत चित्रकला शिकायला निघालंय. ते सगळं आपल्याला आवडलंच पाहिजे असं नाही. घर गहाण टाकायची वेळही बहुतेकांवर येणार नाही. पण लक्ष देऊन ऐकणं, एक खरा प्रश्न विचारणं आणि जमेल तेवढा हात लावणं हे प्रत्येकाच्या ऐपतीतलं आहे. ज्याच्या छंदाला काल हसलो, त्याच्यापासूनच आज सुरुवात करावी.